विसार की आगाऊ रक्कम? रखडलेल्या गिटारचा हिशेब

कोथरूडहून एका वाचकाचे पत्र आले आहे. ते बरेच लांब असल्यामुळे आवश्यक तेवढा भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

“मी डावखुरा आहे. मनासारखी डावखुरी गिटार दुकानात क्वचितच मिळते, म्हणून गेल्या वर्षी गुढीपाडव्याला मी शहराबाहेर स्वतःचे वर्कशॉप असलेल्या एका कारागिराकडे ॲकूस्टिक गिटार बनवायला टाकली. किंमत ९२ हजार ठरली आणि ४५ हजार मी त्याच दिवशी यूपीआयने दिले. ‘गणपतीच्या आत हातात देतो’ असा त्यांचा मेसेज आहे. श्रावणात मी कटअवे (मानेजवळ पेटीला दिलेला आत वळलेला काप) हवा असे कळवले, तेव्हा त्यांनी मेसेज केला, ‘चालेल, बाजू अजून वाकवल्या नाहीत. पण मग दिवाळी धरा.’ नवरात्रात पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा भाग) आणि ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या) मागवण्यासाठी त्यांनी १५ हजार रोख घेतले, पावती दिली नाही. दिवाळीत मीच ‘घाई नाही, काम नीट होऊ द्या’ असे लिहिले. त्यानंतर संक्रांत गेली, यंदाचा पाडवा गेला. आधी आजारपण, मग शिसवीवरचे निर्बंध आणि आता आषाढात पाऊस, अशी कारणे चालू आहेत. मी पैसे परत मागितले, तर म्हणाले, ‘ॲडव्हान्स परत मिळत नसतो. तुमच्या मापाचं लाकूड कापलंय, डावखुरी गिटार मी कोणाला विकू?’ वर लाकूड महागले म्हणून आणखी १२ हजार मागत आहेत. मी शनिवार-रविवारी आठ-दहा मुलांना गिटार शिकवतो, त्यामुळे मला ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही, असे एक मित्र सांगतो. पोलिसांत जाऊ, की सगळे इन्स्टाग्रामवर मांडू?”

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, आणि ते त्या कारागिराचे आहे: ‘बाजू अजून वाकवल्या नाहीत.’ गिटारच्या दोन्ही बाजू म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या असतात. त्या ओल्या करून तापलेल्या नळीवर किंवा साच्यात वाकवतात, आणि त्यांना आकार आल्यावर वरची फळी आणि पाठ चिकटवून पेटी बंद करतात. त्यानंतर कडेची किनारपट्टी, नेक म्हणजे मान, फ्रेटबोर्ड म्हणजे स्वर दाबायची पट्टी, लॅकरचे थर, ते लॅकर पक्के होण्यासाठीचे तीन-चार आठवडे, मग घासकाम, तारा पेटीवर धरून ठेवणारा ब्रिज, तारा आणि शेवटची जुळवणी एवढे सगळे उरलेले असते. ज्या गिटारच्या बाजू श्रावणात वाकलेल्या नव्हत्या, ती भाद्रपदातल्या गणपतीला तयार होणे शक्यच नव्हते. म्हणजे पहिली मुदत तुमच्या कटअवेमुळे चुकलेली नाही, ती तुम्ही बदल मागितला त्या दिवशीच चुकलेली होती, आणि हे त्यांनीच लिहून दिले आहे. उद्या ते ‘गिऱ्हाईकाने मधेच डिझाइन बदलले, म्हणून उशीर झाला’ असे म्हणाले, तर उत्तर म्हणून हा एक मेसेज पुरेसा आहे. तो पुसू नका, फोन बदलण्यापूर्वी संपूर्ण संभाषणाची प्रत काढून ठेवा, आणि सुट्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, कारण मागचे-पुढचे संदर्भ तुटले की त्यांचे वजन कमी होते.

आता तुमच्या बाजूचा कच्चा दुवाही सांगायला हवा. ‘दिवाळी धरा’ ही नवी मुदत तुम्ही मान्य केलीत आणि दिवाळी आल्यावर ‘घाई नाही’ असे लिहिलेत. हे तुमच्या सौजन्याला शोभणारे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला किंमत मोजावी लागते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५५ असे सांगते की ठरलेली वेळ हा जर कराराचा गाभा असेल, तर ती चुकल्यावर करार रद्द करण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. वेळ हा गाभा नसेल, तर करार टिकतो आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. ‘घाई नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाला, वेळ हाच गाभा होता असे दुसऱ्या दिवशी म्हणता येत नाही. मात्र मुदत एकदा सैल झाली म्हणून ती कायमची सुटते असेही नाही. कराराला वेळेचे बंधन नसेल, तर काम वाजवी काळात पुरे करावे लागते, हे त्याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे, आणि सहा महिन्यांत होणाऱ्या कामाला पंधरा महिने हा वाजवी काळ म्हणता येणार नाही. सैल झालेली मुदत पुन्हा घट्ट करण्याचा मार्ग म्हणजे लेखी नोटीस: अमुक तारखेपर्यंत गिटार द्या, ही शेवटची तारीख आहे, ती चुकली तर मी करार रद्द समजेन. ही नोटीस तुम्ही अजून दिलेली नाही, तुम्ही एकदम पैसे मागितलेत. पायरी चुकली आहे, पण ती अजूनही दुरुस्त करता येते.

‘ॲडव्हान्स परत मिळत नसतो’ हे वाक्य आपल्याकडे मंगल कार्यालयापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते, आणि ते इतक्या ठामपणे उच्चारले जाते की ऐकणाऱ्याला तो कायदाच वाटू लागतो. जुन्या मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक आपण विसरत चाललो आहोत. विसार म्हणजे सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. देणाऱ्याने सौदा मोडला, तर ती बुडते. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच काही भाग आधी दिलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मालमत्तेच्या व्यवहाराच्या एका वादात हाच फरक स्पष्ट केला: हमी म्हणून दिलेली आणि करारात तसे स्पष्ट ठरलेली रक्कमच जप्त करता येते, किमतीचा भाग म्हणून दिलेली आगाऊ रक्कम जप्त करता येत नाही. तुमच्या व्यवहारात ‘ही रक्कम परत मिळणार नाही’ असे कुठेही लिहिलेले दिसत नाही, आणि ९२ हजारांतले ४५ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी किंमत, ही हमी नसून सरळसरळ किमतीचा हप्ता आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विसारसुद्धा बुडतो तो गिऱ्हाईकाने सौदा मोडला तर. इथे मुदत मोडली आहे कारागिराने. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका लिलावातली विसाराची रक्कम जप्त केली होती, त्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत करायला लावली, कारण करार खरेदीदाराने मोडलेला नव्हता आणि तोच भूखंड पुढे जास्त भावाने विकला गेल्यामुळे प्राधिकरणाचे काही नुकसानही झालेले नव्हते. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली भरपाई मागणाऱ्याचे नुकसान झालेले असावे लागते; नुसते ‘आमची पद्धत अशी आहे’ हे पुरत नाही.

तरीही ‘डावखुरी गिटार मी कोणाला विकू’ हा त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. प्रश्न एवढाच की किती तथ्य आहे, आणि ते लाकडाकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पाठीच्या दोन जोड-फळ्या डाव्या-उजव्या हाताला सारख्याच चालतात. न वाकवलेल्या बाजूंचेही तसेच आहे. ट्यूनर आणि पिकअप कुठल्याही गिटारला बसतात. वरची फळी आतून बांधण्याचे ब्रेसिंग एकदा डावखुऱ्या रचनेने चिकटवले, की ती फळी तुमची झाली. कटअवेसह वाकवलेल्या बाजू तुमच्या झाल्या. तिरप्या खाचेचा ब्रिज, उलट्या क्रमाने कापलेला नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि कडेचे ठिपके दुसऱ्या अंगाला बसवलेला फ्रेटबोर्ड, हेही तुमचेच. म्हणजे ‘तुमच्या मापाचं लाकूड कापलंय’ या एका वाक्याचा अर्थ पाच-सात हजारांचे नुकसान असाही होऊ शकतो आणि चाळीस हजारांचे असाही. कारागीर जर आजही फळ्यांवरच असेल, तर त्याचे नुकसान नगण्य आहे, कारण ते सगळे लाकूड पुढच्या गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताच्या गिटारला बिनबोभाट वापरता येईल.

म्हणून माझा पहिला सल्ला कायद्याचा नाही. येत्या रविवारी त्या वर्कशॉपवर जा. आधी कळवून जा, भांडायला आलो आहे असे वाटू देऊ नका, शक्य असेल तर लाकूडकाम किंवा वाद्ये यांतले थोडे कळणारे कोणी सोबत न्या. ‘माझी गिटार दाखवा’ एवढेच म्हणा. पेटी बंद झाली असेल, तर तुम्हाला गिटारचा आकार दिसेल; वरच्या फळीवर बोटाने हलके टिचकावले, तर मोकळ्या फळीपेक्षा वेगळा, घुमणारा नाद येईल. पेटी उघडी असेल, तर आतले ब्रेसिंग कोणत्या अंगाला झुकले आहे ते पाहा, ते डावखुऱ्या रचनेचे आहे का ते तिथेच विचारा. साच्यात बाजू आहेत का, कटअवे कोणत्या बाजूला वाकवला आहे, नेक कोरला आहे का, हे सगळे पाहून परवानगीने फोटो काढा. नवरात्रात पैसे दिलेले पिकअप आणि ट्यूनर खोक्यासकट समोर ठेवायला सांगा. मला विचाराल तर या वादातला सगळ्यांत लवकर उलगडणारा भाग तोच आहे: वस्तू आल्या असतील, तर त्या दिसतील, आणि आल्या नसतील, तर १५ हजार कशासाठी घेतले, याला उत्तर उरणार नाही.

एक गोष्ट आणखी पाहा, वर्कशॉपच्या भिंतीवर हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र आहे का. काही शे रुपयांना मिळते. पावसाचे कारण हे अगदी खोटे नसते, आणि या बाबतीत मी कारागिरांच्या बाजूने बोलेन. गिटार जोडण्यासाठी हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५० टक्के असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. पुण्याच्या पावसाळ्यात ती कितीतरी वर जाते. फुगलेल्या लाकडाची पेटी आषाढात बंद केली, तर चैत्र-वैशाखातल्या कोरड्या दुपारी ते लाकूड आकसते आणि वरच्या फळीला उभी भेग पडते. दमट हवेत मारलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर पांढुरकी छटा धरते, ती वेगळीच. पावसात पेटी बंद न करणारा कारागीर आळशी नसतो, तो तुमच्या गिटारचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य वाचवत असतो. पण हेच कारण त्यांच्यावर उलटते. दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत पाऊस नव्हता. आपल्याकडे पेटी बंद करायला सर्वांत चांगले दिवस दिवाळीनंतरच्या थंडीचे, आणि ते आख्खे निघून गेले. ज्या माणसाला पाऊस अडचणीचा आहे हे ठाऊक आहे, तो पावसाआधी पेटी बंद करतो, किंवा खोली बंद करून आर्द्रता शोषणारे यंत्र लावतो. भिंतीवर मोजायचे यंत्रसुद्धा नसेल, तर पाऊस हे कारण त्यांना या महिन्यातच सुचले आहे, असे समजायला हरकत नाही.

शिसवीचे कारण तर आणखी तकलादू आहे. शिसवी आणि तिच्या कुळातली इतर लाकडे २ जानेवारी २०१७ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आली, हे खरे आहे, आणि त्यामुळे जगभरच्या गिटार बनवणाऱ्यांची काही काळ तारांबळ उडाली, हेही खरे. पण २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू आहे. मुळात हे निर्बंध देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या मालाला लागतात. दक्षिणेतली शिसवी पुण्यात आणून पुण्यातल्याच माणसासाठी गिटार बनवण्याला त्यांची अडचण होत नाही. आजारपणाबद्दल मी काही म्हणणार नाही. ते खरे असेल, तर तेवढे आठवडे तुम्ही मनातल्या मनात मुदतीत धरा.

माझ्या मावशीने फार वर्षांपूर्वी मिरजेला तंबोरा सांगितला होता. त्या कारागिराने पहिल्याच भेटीत सांगितले होते की मनासारखा भोपळा मिळेल आणि वाळेल, तेव्हा कामाला हात लावेन, वर्ष लागेल की दोन, ते आज सांगत नाही. तंबोरा दीड वर्षाने आला आणि मावशी कधी तक्रार करताना मी ऐकली नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला तो माणूस आठवला. ‘वेळ लागेल’ हे त्याने पैसे घेण्याआधी सांगितले होते, तुमच्या कारागिराने ते घेतल्यानंतर एकेका सणाला सांगितले.

वर्कशॉपवरून आलात की दोन दिवसांत एक पत्र लिहा. वकिलाच्या नोटिशीची अजून गरज नाही, कारण वकिलाचे कागद पाहिल्यावर अनेक कारागीर काम करण्याऐवजी दुसरा वकील शोधायला लागतात. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. मजकूर साधारण असा असावा:

“आपल्याकडे गेल्या गुढीपाडव्याला सांगितलेल्या डावखुऱ्या ॲकूस्टिक गिटारसाठी मी ४५,००० रुपये यूपीआयने आणि नवरात्रात पिकअप व ट्यूनरसाठी १५,००० रुपये रोख, असे एकूण ६०,००० रुपये दिले आहेत. गिटार गणपतीपर्यंत आणि नंतर दिवाळीपर्यंत देण्याचे आपण कबूल केले होते. दिनांक अमुक रोजी मी वर्कशॉपवर येऊन काम पाहिले, तेव्हा काम पुढील टप्प्यावर होते. हे पत्र मिळाल्यापासून इतक्या दिवसांत गिटार पूर्ण करून द्यावी. ही अंतिम मुदत असून ती पाळली न गेल्यास मी करार रद्द समजेन आणि संपूर्ण रक्कम परत मागेन. यापूर्वी मी दाखवलेली सवलत यापुढे मुदतवाढ समजू नये.”

या पत्राचा एक उपयोग तुमच्या लक्षात आला नसेल, म्हणून सांगतो. रोख १५ हजारांची पावती तुमच्याकडे नाही. पत्रात तो आकडा स्पष्ट लिहिलेला असताना त्यांनी त्याला हरकत घेतली नाही, किंवा ‘पिकअप आलाय, ट्यूनर यायचेत’ असे उत्तर दिले, तर पावतीची उणीव बरीचशी भरून निघते. नवरात्रात तेवढी रक्कम बँकेतून काढल्याची नोंद असेल, तर तीही जपून ठेवा. पैसे घेऊन बिल किंवा पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही त्या कारागिराला केव्हातरी शांतपणे सांगायला हरकत नाही.

‘इतके दिवस’ किती, हे वर्कशॉपमध्ये काय दिसले त्यावर ठरवा, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे. पेटी बंद असेल आणि नेक बसवायचा किंवा बसवलेला असेल, तर गिटारच घ्या. पैशांच्या मागे लागू नका. पावसाळा संपून लॅकर नीट वाळायला वेळ मिळावा म्हणून दिवाळीपर्यंतची मुदत द्या, त्यापेक्षा कमी द्याल तर घाईत केलेल्या लॅकरची गिटार तुमच्याच पदरात पडेल. याउलट अजून फळ्याच असतील, तर गिटारचा मोह सोडा. पंधरा महिन्यांत ज्याने बाजू वाकवल्या नाहीत, तो पुढच्या तीन महिन्यांत गिटार देईल, यावर विश्वास ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही. अशा वेळी तीस दिवसांची मुदत द्या, ती चुकली की ६० हजार मागा, आणि पिकअप-ट्यूनर खरोखर आलेले असतील, तर त्यांच्या बिलाएवढी रक्कम वळती करून त्या वस्तू स्वतःकडे घ्या. मधली अवस्था, म्हणजे बाजू वाकल्या आहेत पण पेटी उघडी आहे, ही सगळ्यांत अवघड. तिथे मी तडजोडीकडे झुकेन: डावखुऱ्या रचनेमुळे खरोखर वाया जाणाऱ्या लाकडाचा खर्च बिलानिशी दाखवला, तर तेवढा सोडायला तयार आहे, असे सांगा. कायद्याने तुम्ही तेवढेही सोडायला बांधील नाही. पण कटअवेचा बदल तुम्ही मागितला होता, आणि त्यामुळे काम थोडे तरी वाढले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

याच कारणासाठी वाढीव १२ हजारांचे उत्तर नुसते ‘नाही’ असे देऊ नका. ठरलेली किंमत ९२ हजार आहे, लाकूड महागले ही त्यांची जोखीम आहे, आणि ते वेळेत काम करते, तर महागाईचा प्रश्नच आला नसता. कटअवेसाठी मात्र वेगळी किंमत ठरली नव्हती. बाजू आतल्या अंगाला वाकवणे, तिथली किनारपट्टी बसवणे हे कष्टाचे काम आहे. त्यासाठी काही वाजवी रक्कम त्यांनी मागितली, तर ती द्या, पण गिटार हातात पडल्यावर. आधी एक रुपयाही नको.

तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर नाही. ग्राहक कायदा वगळतो ती व्यापारी हेतूने केलेली खरेदी, आणि त्यातही स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची समजली जात नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. तुम्ही गिटार मुख्यतः स्वतः वाजवायला घेत आहात; आठवड्यातून दोन दिवस तीच मांडीवर घेऊन मुलांना शिकवल्याने तुम्ही व्यापारी होत नाही. मुदत उलटून गेल्यावर पैसे आले नाहीत, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येते. कागदपत्रे कशी लावायची हे समजून घ्यायचे असेल, तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. ही चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झाली. तेवढ्याने भागले नाही, तर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते, आणि सर्वांत सावध हिशेब दिवाळीपासून धरायचा. त्यामुळे ‘बघू पुढच्या पाडव्याला’ असे करत बसू नका. वस्तूच्या चाचणीची गरज नसलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ धरून चाला. म्हणूनच वर्कशॉपमधली तडजोड मला आयोगापेक्षा जवळची वाटते.

पोलिसांकडे जाऊ नका. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवता आले, तरच ती फसवणूक ठरते. ज्याने बदल स्वीकारले, फोन उचलले, कारणे का होईना पण दिली, त्याच्या बाबतीत ते सिद्ध करणे कठीण आहे, आणि चौकीवर तुम्हाला ‘हा दिवाणी मामला आहे’ असेच सांगतील. इन्स्टाग्रामचेही तेच. रागाच्या भरात ‘फसव्या’, ‘चोर’ असे शब्द गेले, तर बदनामीची तक्रार उलटी तुमच्यावर येऊ शकते. शिवाय ज्या माणसाकडून गिटार पूर्ण करून घ्यायची आहे, त्याची अब्रू आधी काढली, तर ती गिटार तो कशा मनाने घासेल, याचाही विचार करा.

आणि गिटार मिळालीच, तर ताब्यात घेताना अर्धा तास तिथे बसा. तारा लावून, डाव्या हाताने वाजवून, प्रत्येक फ्रेटवर स्वर दाबून पाहा. वरची फळी उजेडाकडे तिरपी धरून लॅकरवर पांढुरकी छटा आहे का, ते पाहा. पिकअप ॲम्प्लिफायरला लावून ऐका. बिल घ्या, त्यावर रोख १५ हजारांसह सगळी रक्कम लिहून घ्या. आणि बिलाच्या तुमच्या व त्यांच्या, दोन्ही प्रतींवर सही करताना ‘उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क राखून ताब्यात घेतली’ एवढी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा. कलम ५५ च्या शेवटच्या परिच्छेदानुसार, मुदत उलटल्यावर वस्तू स्वीकारताना हे तिथल्या तिथे कळवले नाही, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. ती मागायची की नाही, हे घरी जाऊन गिटार वाजवल्यावर ठरवा.